आमच्या विहिरीतल्या उड्या

माझी मुलगी पाण्यात पहिली उडी मारायला शिकली ती मी तिला मागून ढकललं म्हणून. शहरातल्या बायकांना हे सांगितलं की त्या दचकतात, पण आमच्याकडे पोहायला शिकवायची तीच रीत होती. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, पोराला काठावर उभं करायचं आणि ते भोपळ्याची गाठ चाचपत असतानाच मागून हात लावायचा. मलाही माझ्या वडिलांनी असंच पाण्यात लोटलं होतं. माझं माहेर गोदावरीच्या काठचं, कोपरगावाकडचं. मला पोहता येतं आणि चांगलं येतं. या एका बाबतीत मी उगाच विनय करत नाही. लग्न होऊन बेलापूरला आले तेव्हा सासरच्या मळ्यातली विहीर बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं. नवरा कसा निघेल ते कळायला वेळ लागतो, विहीर बघितल्याबरोबर कळते.

विहीर दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. मोट कधीच सुटली होती आणि तिच्या जागी इंजिन आलं होतं, पण मोटेचं पाणी ज्यात ओतायचे ते दगडी थारोळं काठावर तसंच राहिलं होतं. त्याची एक लांबट शिळा पाण्यावर पुढे आलेली होती. मळ्यातल्या सगळ्या पोरांच्या उड्या त्या शिळेवरून. पाण्याची खोली आम्ही परसात मोजायचो. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. पाऊसपाणी बरं झालं असेल तर दिवाळीला चार परस पाणी असायचं आणि इंजिन कितीही चाललं तरी सकाळपर्यंत झरे ते भरून काढायचे.

दोन मुलांच्या पाठीवर झालेली ही धाकटी. भावांना पोहायला यायचं, पण ते पाण्यात जायचे ते अंग धुवायला. हिचं तसं नव्हतं. हिला पाण्यात असण्यापेक्षा पाण्याकडे जाण्यात गंमत वाटायची. उडी मारली की पायऱ्यांवरून धावत वर, परत उडी, परत वर. ओठ निळे पडेपर्यंत हे चालायचं. मी जेवायला हाक मारली की म्हणायची, "शेवटची." त्या शेवटच्या उड्यांना शेवट नसायचा. मग मी हातात काहीतरी घेऊन विहिरीकडे निघायचे आणि मला येताना बघून ती दुसऱ्या बाजूने घराकडे पळायची.

रविवारी आजूबाजूच्या वस्त्यांवरची पोरं जमायची आणि मुटक्यांची शर्यत लागायची. गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी घट्ट धरायचे आणि अंगाचा गठ्ठा करून पाण्यावर आपटायचं. ज्याच्या मुटक्याचं पाणी सगळ्यात वर उडेल तो जिंकला. वर काठावर बसलेल्याला भिजवलं तर मग विचारायलाच नको. अंगानं काडीसारखी असूनही दहाव्या-अकराव्या वर्षी ही थोराड पोरांना हरवायची. पाण्यावर नेमकं कुठल्या क्षणी आपटायचं ते तिला कळलं होतं. आमचे मालक थारोळ्यावर बसून मुद्दाम भिजून घ्यायचे आणि ओल्या धोतरानं गावभर सांगत फिरायचे की माझ्या पोरीनं मला आंघोळ घातली.

तिला श्रीरामपूरच्या शाळेत घातलं होतं. त्या शाळेचे खेळाचे सर एका थंडीत आमच्याकडे हुरडा खायला आले. हुरडा राहिला बाजूला, सर विहिरीच्या काठावर उभे राहिले ते हललेच नाहीत. ही थारोळ्यावरून सूर मारत होती, गिरकी घेत होती, उलटी जात होती, कुणी शिकवलेलं नसताना. सर म्हणाले, "पुण्याला उड्यांच्या स्पर्धा असतात. हिला न्यायला पाहिजे." पोहण्याच्या शर्यती सरांनी पाहिल्या होत्या. उड्यांच्या बाबतीत ते आमच्याइतकेच कोरे होते, पण हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही.

एकाहत्तर साली आम्ही तिला पुण्याला नेलं. पोहण्याचा पोशाख म्हणून मी जुन्या छत्रीचं काळं कापड शिवलं होतं, कारण ते पाणी धरत नाही. तो तलाव बघून मी मनातून हरखले. निळी फरशी, तळ दिसतोय, आणि पाण्यावर पुढे आलेली लवचीक फळी. शहरातल्या मुली एकेक करून फळीवर जात होत्या, टाचा उचलत होत्या आणि आवाज न करता पाण्यात नाहीशा होत होत्या. मालक माझ्या कानाशी म्हणाले, "बिचाऱ्यांना जोरच न्हाई." मलाही तसंच वाटलं. बाहेरून बघणाऱ्याला कळणारच नाही कुणी उडी मारली म्हणून, असल्या उडीला काय अर्थ, असं मी म्हटल्याचं मला आठवतं.

मग आमची पोर फळीवर गेली. फळी तिनं अशी दाबली की ती करकरली. ही उंच गेली, हवेत दोन गिरक्या घेतल्या, आणि अंग सरळ करायच्या ऐवजी तिला जे चांगलं येत होतं ते तिनं केलं. पाण्यावर धबाका बसला. काठावर खुर्च्या मांडून बसलेले पंच चष्म्यासकट भिजले, एकाच्या मांडीवरचा रुमाल तरंगत तलावात गेला. आम्ही दोघं उभं राहून टाळ्या वाजवत होतो. सरसुद्धा. आजूबाजूला सगळे हसताहेत हे बघून आम्हाला वाटलं की कौतुकानं हसताहेत, म्हणून आम्हीही हसलो. पंचांनी गुणांच्या पाट्या वर केल्या तेव्हा मालकांनी सरांना विचारलं, "हे एवढेच का?" सरांचा चेहरा पडला होता.

ती शेवटची आली. कपडे बदलून आली तेव्हा डोळे लाल होते, ते पाण्यानं की कशानं हे मी विचारलं नाही. आम्ही निघणार एवढ्यात तिथं मुलींना शिकवणाऱ्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, गळ्यात शिट्टी. त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं, "हिला भीती नाही. बाकीचं सगळं शिकवता येतं, ते शिकवता येत नाही." मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढंच लक्षात ठेव, तू आत गेलीस हे पाण्याला कळता कामा नये."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. नगर आल्यावर एकदम म्हणाली, "पाण्याला कळणार नसेल तर मारायची कशाला उडी?" मला हसू आलं, पण मी ते आवरलं. तिचा प्रश्न काही खोटा नव्हता. ज्या धबाक्याचं आमच्या विहिरीवर कौतुक व्हायचं, तो न होऊ देणं हेच तिथलं कौशल्य होतं. आता एवढी वर्षं हाडात भिनलेला धबाका काढायचा होता आणि काढणार कोण, तर मी. कारण पुण्याच्या बाई पुण्यात होत्या आणि विहीर माझ्या घरामागे होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला आठवडाभर बाईंकडे नेऊन आणलं. तळहात कसे जोडायचे, पायांची बोटं कशी ताणायची, डोकं हातांच्या मध्ये कसं ठेवायचं ते त्यांनी दाखवलं. घरी आल्यावर मी माझी पद्धत काढली. सुपात जोंधळे घेऊन थारोळ्यावर बसायचं, पण विहिरीकडे पाठ करून. डोळे उघडे ठेवले की मला माझी पोर दिसायची, आणि पोर दिसली की ती मला चांगलीच वाटायची. कानाला मात्र नुसतं पाणी ऐकू येतं आणि पाण्याला आईची माया नसते. धबाका झाला की मी न वळता म्हणायचे, "परत." थोडा कमी झाला की, "पाय सुटले तुझे." ती खालून ओरडायची, "तू बघितलंच नाहीस." मी म्हणायचे, "ऐकलं."

वर्षभर हे चाललं. कधी ती रागानं मुद्दाम मुटका मारायची आणि माझे जोंधळे भिजवायची. मी मुकाट्यानं दुसरे घेऊन यायचे. पण हळूहळू आवाज उतरत गेला. धबाक्याचा नुसता धप झाला, त्याचा नुसता डुबुक. एक दिवस सकाळी मी पाखडत बसले होते आणि मागे काही झालंच नाही. मी थोडा वेळ थांबले, मग घाबरून वळले. ती पाण्याच्या वर डोकं काढून माझ्याकडे बघत होती. "मारली की मी," ती म्हणाली. मी सूप खाली ठेवलं आणि त्या दिवशी तिला तूप-गूळ घालून मलिदा करून वाढला. आयुष्यात मला काही जमलं असेल तर ते हे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

बहात्तरच्या पावसानं पाठ फिरवली. आधीचं वर्षही काही धड गेलं नव्हतं. कालव्याला पाणी सुटेना, प्रवरेचं पात्र पांढरं पडलं, आणि आमच्या विहिरीतलं पाणी एकेक पायरी मोकळी करत खाली चाललं. सगळं गाव आभाळाकडे बघत असताना आमच्या घरात एकटी ही खुशीत होती. पाणी खाली गेलं की थारोळ्यापासूनची उंची वाढते, हे सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं. पुण्याच्या तलावावर एक उंच मचाणही होतं, मोठ्या मुली तिथून उड्या मारायच्या. ही म्हणाली, "आई, दुष्काळानं मला घरबसल्या उंच फळी करून दिली." मी तिला गप्प बसवलं, गावात असं बोलू नकोस म्हणून दटावलं, पण पोर खोटं बोलत नव्हती. दर आठवड्याला मी दोराला दगड बांधून पाणी मोजायचे. दोन परसाच्या वर आहे तोवर शिळेवरून. त्याखाली गेलं की मधल्या पायरीवरून. हा नियम मी घालून दिला होता आणि त्यात घासाघीस नव्हती.

राज्याच्या स्पर्धा पुढच्या उन्हाळ्यात पुण्यालाच होत्या. बाईंनी निरोप धाडला होता की हिची या वेळी वाट बघते. ही सकाळ-संध्याकाळ विहिरीवर. आणि त्याच सुमारास आसपासच्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. आमचे झरे बारीक झाले होते, पण जिवंत होते. मालकांनी इंजिन बंद केलं, उसाचा नाद सोडून दिला. बायका घागरी घेऊन आमच्याकडे यायला लागल्या. आधी शेजारच्या वस्तीवरच्या, मग त्यांच्याही पलीकडच्या, मग दुष्काळी कामावर खडी फोडून परस्पर येणाऱ्या. मी कुणाला नाही म्हटलं नाही. पाणी काही मी तयार केलेलं नव्हतं.

एका सकाळी शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी घागर बाजूला ठेवून माझ्याजवळ आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "वैनी, राग मानू नका. तुमची पोर लई गुनाची हाय. पन ती उड्या मारती त्येच पानी आमी पितो. तळ ढवळतो, लई गढूळ येतंय. लेकरं आजारी पडत्यात."

मी म्हटलं, "उद्यापासून न्हाई मारायची."

म्हातारी निघून गेल्यावर मला कळलं की आपण काय बोललो. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर हाय तुजं. पन तिला तूच सांग." संकटाच्या वेळी आमच्या मालकांना नेमकं बैलांकडे बघायचं असायचं.

मी तिला सांगितलं. ती थारोळ्यावर बसून केस वाळवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग मी कुठं मारू?" पंचवीस कोसांत पोहण्याएवढं पाणी उरलं नव्हतं. ती उठली आणि म्हणाली, "तू माझं पाणी लोकांना देऊन टाकलंस." मी म्हटलं, "तुझं नव्हतंच ते." हे खरं होतं आणि ते मी परतही तसंच बोलेन, पण ते बोलून मी तिथं थांबले नाही, घराकडे निघाले. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची.

पाणी आणखी खाली गेल्यावर म्हाताऱ्या बायकांचे दोर पुरेनात. पायऱ्या खाली शेवाळलेल्या, निसरड्या. एक दिवस बघते तर ही शेवटच्या पायरीवर उकिडवी बसून एकेकीची घागर बुडवून दोराला बांधून देत होती. तुला हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं तर म्हणाली, "कुणी पडलं तर काढायला मलाच उतरावं लागेल." मग रोज शाळेतून आल्यावर ती तिथं असायची. हाताच्या अंतरावर पाणी, आणि त्यात ती पाऊलसुद्धा बुडवायची नाही. मी वरून बघायचे आणि मला तिचा अभिमान वाटायचा आणि वाईटही तेवढंच वाटायचं. वाळूची युक्ती मला त्यातूनच सुचली.

प्रवरेला पाणी नव्हतं, पण वाळू होती, हवी तेवढी. एका ठिकाणी काठाची दरड आमच्या थारोळ्याएवढी उंच होती. मी फावड्यानं खालची वाळू खणून भुसभुशीत केली आणि तिला म्हटलं, "हवेतलं इथं कर. पाण्यातलं पुण्याला बघू." तिनं दरडीकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "पायांवरच उतरावं लागेल. डोक्यावर उतरले तर तुला दुसरी पोर करावी लागेल."

मग रोज संध्याकाळी आम्ही मायलेकी कोरड्या नदीत. ती उसळी घ्यायची, गिरकी घ्यायची आणि पायांवर वाळूत रुतायची. मी फावड्यानं परत वाळू सैल करायचे. गुरं राखणारे काठावर बसून बघायचे. एकानं विचारलं, "वैनी, पोरीला झालंय काय?" मी म्हटलं, "काई न्हाई. तुमीबी मारून बगा." उडीचा वरचा अर्धा भाग ती वाळूत पक्का करत होती. खालचा अर्धा, म्हणजे डोकं खाली घालून आत शिरण्याचा, तो तसाच राहिला होता, आणि खरी परीक्षा त्याचीच होती. त्यातून एक भर अशी की त्या महिन्यांत पोर झपाट्यानं वाढली. परकर वीतभर आखूड झाले, खांदे भरले, पावलं लांब झाली. पाण्याला माहीत होतं ते तिचं जुनं अंग. हे नवं अंग पाण्यात कसं जाणार, हे तिलाही माहीत नव्हतं. माझा मात्र भरवसा होता. कशाच्या जोरावर ते विचारू नका, आयांना असतो.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात आम्ही दोघीच पुण्याला गेलो. मालक विहिरीवर थांबले, कारण पाण्यावरून भांडणं व्हायला लागली होती. निघताना मला म्हणाले, "तिथं काय ठरवायची पाळी आली तर तूच ठरव. मला इचारायला येऊ नको."

स्पर्धेआधी सगळ्या मुलींना दोन-चार उड्या मारायला मिळाल्या. हिची पहिली उडी वाकडी गेली, पाणी उडालं. दुसरी त्याहून वाईट. पायच तिच्या ताब्यात नव्हते. बाईंनी तिला जवळ घेऊन काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडे आलीच नाही, आणि मीही गेले नाही. या वेळी आईनं गप्प बसावं हे मला कळत होतं, आणि गप्प बसणं मला आयुष्यात फारसं जमलेलं नाही.

तिचं नाव पुकारलं. ती फळीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि उभीच राहिली. पंचांनी शिट्टी दिली. ती खाली बघत होती. बाकीच्या मुलींच्या आया आपसात कुजबुजायला लागल्या. घाबरली, असं कुणीतरी म्हणालं. माझ्या हातात पिशवी होती, तिचा बंद मी बोटाला एवढा गुंडाळला की बोट पांढरं पडलं. पण ती घाबरली असेल असं मला एक क्षणही वाटलं नाही. घाबरलेली पोर खाली बघत नाही, मागे बघते.

मग तिनं मान वर केली, तीन पावलं टाकली आणि फळी दाबली. ती किती वर गेली ते मला सांगता येणार नाही. गिरकी मी वाळूवर शेकडो वेळा पाहिली होती, तशीच ती झाली, पण त्यानंतर पाय खाली येण्याऐवजी हात खाली आले, सगळं लांब झालेलं अंग त्या हातांच्या मागे सरळ झालं आणि ती गेली. गोधडीत सुई जावी तशी. पाणी थोडंसं हललं आणि परत निळं झालं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "कुठली हो ही?" मी म्हटलं, "बेलापूरची. माझी."

ती दुसरी आली. पहिली आलेली मुलगी चांगलीच होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. टॉवेल गुंडाळून माझी पोर माझ्याजवळ येऊन बसली तेव्हा मी विचारलं, "वर थांबलीस कशाला एवढी?"

"पाणी बघत होते," ती म्हणाली. "एवढं पाणी, आणि घागर घेऊन कुणीच नाही. मला वाटलं आधी कुणाचं तरी भरून द्यायचं राहिलंय. मग आठवलं की इथं मला नुसतं आत जायचंय."

संध्याकाळी बाई आमच्याजवळ आल्या. त्या आडवळणानं बोलत नसत. म्हणाल्या, "मुलगी इथं ठेवा. माझ्या घरी राहील, माझ्या मुलींबरोबर. शाळेचं मी बघते. तलाव बारा महिने भरलेला असतो. गावाला पाणी कधी येईल ते कुणी सांगावं, आणि हिची ही दोन-तीन वर्षं परत यायची नाहीत."

मी मुलीकडे पाहिलं. ती पायांच्या बोटांकडे बघत होती. 'हो' म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं, 'नाही' म्हणाली असती तर त्याहून सोपं. ती काहीच बोलली नाही, कारण मला सोडून राहायचंय हे माझ्या तोंडावर म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती, आणि राहायचं नाही असं म्हणणं खोटं झालं असतं. विहीर लोकांना दिली तेव्हा मला विचार करायला क्षणभर लागला नव्हता. या वेळी मी तलावाला एक फेरी मारून आले. मग बाईंना म्हटलं, "ठेवून घ्या. एकच सांगते, हिला जेवायला हाक मारली की ही शेवटची म्हणते. त्यावर विश्वास ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा तिचा सराव चालू झाला होता. ओल्या अंगानं ती फाटकापर्यंत आली. मी तिला जवळ घेतलं, माझं लुगडं भिजलं. ती म्हणाली, "आई, विहिरीला पाणी आलं की मला कळव." मग जरा थांबून, "पण त्यासाठी परत बोलावू नकोस." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, मी रागावले का ते बघायला. मी रागावले नव्हते. मला लागलं होतं, आणि ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, "न्हाई बोलावणार. जा, शिट्टी झाली."

एसटीत बसल्यावर मात्र माझा बांध फुटला. लोकांसमोर रडायची मला सवय नाही, पण त्या दिवशी मी कुणाची पर्वा केली नाही. शिरूर जवळ आलं तेव्हा शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. नगरच्या पूर्वेकडची होती, चेहरा उन्हानं करपलेला, मांडीवर रिकामी पिशवी.

"काय झालं वो?" तिनं विचारलं.

"पोरीला पुण्याला ठेवून आले," मी म्हटलं.

त्या वर्षी आमच्याकडे मुलीच्या बाबतीत सगळ्यात आधी जे विचारायचे तेच तिनं विचारलं. "पानी हाय का तिकडं?"

"हाय," मी म्हटलं. "लई हाय."

"मग रडता कशाला?" ती म्हणाली. "माजी लेक दिलीया माळावरच्या गावात. पोटुशी हाय अन दोन कोस घागर घिऊन जाती."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती मला नुसतं सांगत होती. मी पदरानं तोंड पुसलं. पिशवीत पोरीसाठी बांधून आणलेल्या दशम्या तशाच होत्या, तिला द्यायच्या मी विसरले होते. त्या सोडल्या आणि अर्ध्या त्या बाईच्या हातावर ठेवल्या. नगर येईपर्यंत आम्ही दोघींनी आपापल्या लेकींबद्दल बोलत त्या खाल्ल्या.